गुरू की मुकादम?

धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयाला जोडून २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. या घटनेचे मोल ज्यांनी या जिल्ह्यात आजारपण काढले आहे त्यांनाच कळेल. परंडा-भूमच्या रुग्णाने बार्शी आणि सोलापूर गाठायचे, कळंबच्या रुग्णाने अंबाजोगाई किंवा लातूर, उमरग्याच्या रुग्णाने सोलापूर नाही तर थेट कर्नाटकातील कलबुर्गी, अशी येथील अनेक पिढ्यांची वहिवाट होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावेच्या गावे भूकंपात जमीनदोस्त झाली, तेव्हा धाराशिव जिल्ह्यात एमबीबीएसचे शिक्षण देणारे एकही महाविद्यालय नव्हते. लोहारा-उमरगा भागातील अनेक जखमींना सोलापूरची वाट धरावी लागली. त्या जिल्ह्यात आज वैद्यकीय महाविद्यालय उभे आहे, ही समाधानाचीच गोष्ट होय.

परंतु महाविद्यालय म्हणजे केवळ इमारत, खाटा आणि प्रवेशक्षमता नव्हे. इमारतीचे भूमिपूजन होते, खाटांची मोजणी होते, अध्यापकांच्या पदांची पाहणी होते. एका गोष्टीची मात्र मोजणी होत नाही आणि पाहणीही होत नाही. रात्री दोन वाजता, अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशी, भेदरलेल्या विद्यार्थ्याला शिकवणार कोण आणि कशा रीतीने, हा प्रश्न कोणत्याही तपासणी तक्त्यात नसतो. वैद्यकीय शिक्षणाचे यशापयश मात्र या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. धाराशिवसारख्या नव्या महाविद्यालयात त्याचे उत्तर अद्याप रूढी बनून घट्ट झालेले नाही. म्हणूनच तो प्रश्न आत्ताच, आणि कोणाचाही मुलाहिजा न ठेवता विचारला पाहिजे.

खरा शिक्षक कोण?

वैद्यकीय महाविद्यालयाचा कारभार बाहेरून पाहणाऱ्यास असे वाटते की, विद्यार्थ्याला प्राध्यापक शिकवतात. ते अर्धसत्य आहे. व्याख्यान प्राध्यापक देतात, परीक्षा तेच घेतात, सकाळच्या राऊंडला रुग्णाच्या खाटेशी उभे राहून प्रश्नही तेच विचारतात. पण सलाईनची सुई शिरेत कशी घालावी, जखमेचे टाके कसे घालावेत, बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून कळांचे मान कसे ओळखावे, मृत्यूची वार्ता नातेवाइकांना कोणत्या शब्दांत सांगावी, हे सारे विद्यार्थी शिकतो तो निवासी डॉक्टराकडून. हा निवासी डॉक्टर त्याच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असतो, एमबीबीएस होऊन पदव्युत्तर शिक्षण घेत असतो किंवा नुकतेच पूर्ण करून बंधपत्राची सेवा बजावत असतो. वॉर्डात चोवीस तास वावरणारा डॉक्टर तोच. विद्यार्थ्याच्या आणि रुग्णाच्या मध्ये उभा असणारा माणूसही तोच.

नियमकर्त्यांना हे ठाऊक नाही असे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या आणि इंटर्नच्या अध्यापनात भाग घेतला पाहिजे, हे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत फार पूर्वीपासून लिहिलेले आहे. २०१९ पासून देशभर लागू झालेला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम तर याहून पुढे जातो. विद्यार्थ्याने केवळ प्रेक्षक म्हणून न राहता उपचार करणाऱ्या चमूचा घटक बनून रुग्णाचा मागोवा घ्यावा, अशी त्याची अपेक्षा आहे. त्या चमूचा प्रत्यक्ष म्होरक्या निवासी डॉक्टरच असतो. म्हणजे अध्यापनाचा भार कागदोपत्री त्याच्या शिरावर टाकलेला आहे. पण त्याला शिकवावे कसे हे कोणी शिकवले? अध्यापनासाठी त्याच्या वेळापत्रकात किती तास राखून ठेवले? त्याने चांगले शिकवले तर त्याची नोंद कोठे होते, आणि मुळीच शिकवले नाही तर त्याला जाब कोण विचारतो? या चारही प्रश्नांना बहुतेक ठिकाणी एकच उत्तर आहे, आणि ते म्हणजे मौन.

मुकादम कसा घडतो

मराठवाड्याच्या वाचकाला या मौनाचा अर्थ उसाच्या फडावरून चटकन उमगेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील गावांतून कोयते घेऊन टोळ्या निघतात. कारखाना मजुराशी थेट व्यवहार करीत नाही. तो उचल देतो मुकादमाला, आणि मुकादम बांधून घेतो मजुराला. फडावर मजुराचे काय होते, तो आजारी असताना त्याला राबवले का, त्याचा हिशेब चोख झाला का, याविषयी कारखान्याला विचारले तर उत्तर ठरलेले असते : ते मुकादमाने पाहावे. आणि मुकादमाकडे पाहावे तर पुष्कळदा तोही एके काळी कोयता चालवलेलाच असतो. वरून टनांचा तगादा, खाली माणसांची ओढाताण, मध्ये मुकादम. दोष त्याच्या स्वभावाचा असेलही, पण त्याला त्या जागी उभे करून स्वतःचे हात स्वच्छ राखणारी व्यवस्था अधिक दोषी असते.

अनेक शासकीय रुग्णालयांच्या वॉर्डांत नेमकी हीच रचना नांदते. विभागप्रमुखाला काम हवे असते. ते तो वरिष्ठ निवासी डॉक्टराकडून मागतो. तृतीय वर्षाचा निवासी ते द्वितीय वर्षाच्या माथी मारतो, द्वितीय वर्षाचा प्रथम वर्षाच्या, आणि प्रथम वर्षाचा इंटर्नच्या. चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांच्या जागा रिक्त, म्हणून रक्ताच्या नळ्या प्रयोगशाळेत पोचवायच्या इंटर्नने. लिपिक नाही, म्हणून डिस्चार्ज कार्डांचे गठ्ठे लिहायचे इंटर्नने. क्ष-किरणाचा अहवाल आणायचा, रक्तपेढीच्या खिडकीशी उभे राहायचे, वेळप्रसंगी स्ट्रेचरही ढकलायचे. रुग्णसेवेत कोणतेही काम हलके नसते, हे खरे. रुग्णासाठी स्ट्रेचर ढकलणाऱ्या डॉक्टराचा मान कमी होत नाही, वाढतोच. पण वर्षभर निव्वळ हमाली करून, एकाही प्रसूतीला स्वतंत्रपणे हात न लावता जो विद्यार्थी 'डॉक्टर' म्हणून बाहेर पडतो, तो उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय करणार? रात्री अडलेल्या बाईला घेऊन बैलगाडीने, जीपने आलेल्या कुटुंबाला तो 'सोलापूरला न्या' याखेरीज दुसरे काय सांगणार? ज्या वाटेने या जिल्ह्याच्या मागील पिढ्या गेल्या, त्याच वाटेवर तो पुढच्या पिढीलाही धाडणार. मग महाविद्यालय काढून साधले काय?

निवासी डॉक्टरावर सारे खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने त्याच्या कामाचे तास एका वेळी बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस असे ठरवून दिले होते. हे अठ्ठेचाळीस तास कागदावरच राहिले, हे कोणताही निवासी डॉक्टर सांगेल. बत्तीस वर्षांनी, २०२४ साली, राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कार्यदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून शिफारस केली ती अशी की, निवासी डॉक्टराचे काम आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांपेक्षा अधिक असू नये आणि त्याला साप्ताहिक सुटी मिळावी. अठ्ठेचाळीसचा नियम असलेल्या देशात चौऱ्याहत्तर ही सुधारणा ठरावी, यातच सारी कहाणी आली. जो माणूस दोन रात्री झोपलेला नाही, त्याच्या जिभेवर संयम कोठून येणार? तो शिकवण्याऐवजी खेकसतो. हातात हात धरून दाखवण्याऐवजी 'बाजूला हो' म्हणून स्वतः उरकतो. त्या एका क्षणात एका विद्यार्थ्याचे शिक्षण थांबते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

याचा फटका केवळ विद्यार्थ्याला बसत नाही. ५ मार्च १९८४ रोजी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. तिच्यावर उपचार करीत होते ते शिकाऊ आणि निवासी डॉक्टर. वरिष्ठ डॉक्टर केवळ दूरध्वनीवर होते. तिच्या पत्रकार पित्याने हे प्रकरण लावून धरले आणि त्यातून १९८९ साली न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली. जगभर चर्चा झाली ती या ऐंशी तासांची. पण त्या प्रकरणी नेमलेल्या समितीने जितका भर तासांवर दिला होता, तितकाच वरिष्ठांच्या प्रत्यक्ष देखरेखीवरही दिला होता. शिकाऊ डॉक्टर थकलेला होता हा दोष एक, आणि त्याच्या पाठीशी कोणी उभे नव्हते हा दोष दुसरा. अमेरिकेसारख्या संपन्न देशाला हा धडा एका मुलीच्या मृत्यूने मिळाला. आपल्याकडील वॉर्डांत असे धडे किती मिळाले असतील आणि किती नोंदलेच गेले नसतील, याची कल्पनाच केलेली बरी.

कायदा आहे, पण...

कोणी म्हणेल, यासाठी कायदे आहेत. आहेत, आणि महाराष्ट्र त्यात मागे नाही. हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात ८ मार्च २००९ रोजी अमन काचरू हा प्रथम वर्षाचा विद्यार्थी वरिष्ठांच्या मारहाणीनंतर मरण पावला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच वर्षी देशभरासाठी रॅगिंगविरोधी विनियम आणले. महाराष्ट्राने त्याच्या दहा वर्षे आधी, १९९९ साली, रॅगिंगला प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा केला होता. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२१ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांसाठी वेगळे विनियमही केले.

आणि तरीही १९९९ च्या कायद्याला वीस वर्षे होत असताना, २२ मे २०१९ रोजी, मुंबईच्या नायर रुग्णालयात द्वितीय वर्षाची निवासी डॉक्टर पायल तडवी हिने आपले जीवन संपवले. जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल या आदिवासी समाजातून येऊन स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोचलेली ही मुलगी होती. तिच्या विभागातील तीन वरिष्ठ महिला सहकाऱ्यांवर छळाचा आणि जातिवाचक अवहेलनेचा आरोप ठेवून खटला भरला गेला. दोषी कोण, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. पण एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या समाजाची पहिलीवहिली मुले आज डॉक्टर होऊ पाहत आहेत, त्यांना वॉर्डात सहोदर भेटतो की पहारेकरी? धाराशिवच्या वर्गातही पारधी वस्तीतून, लमाण तांड्यावरून, ऊसतोड कामगाराच्या खोपटातून आलेली मुले-मुली बसतील, आणि बसलीच पाहिजेत. प्रवेशाच्या यादीत त्यांचे नाव आले म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी नायरची घटना पुन्हा आठवावी. समरसता व्यासपीठावरून सांगण्याचा विषय असेल तर असो, पण तिची परीक्षा होते ती मध्यरात्रीच्या वॉर्डात, जेव्हा वरिष्ठाच्या हाती सर्व सत्ता असते आणि पाहणारे कोणी नसते.

वैद्यकीय शिक्षणात छळाचे सर्वांत धारदार हत्यार शिवी हे नसते. ते हत्यार असते काम शिकू न देणे. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर उभे ठेवणे, प्रसूती दुसऱ्याच्या नावे लावणे, केस मांडू न देणे, विचारलेल्या शंकेवर सर्वांदेखत हसणे. यातले काहीही कायद्याच्या व्याख्येत चटकन बसत नाही. त्याचे साक्षीदार मिळत नाहीत आणि तक्रार करणाऱ्याला त्याच युनिटमध्ये पुढचे सहा महिने काढायचे असतात. कायदा हात उगारणाऱ्याला रोखू शकतो, पण हात धरून शिकवायला तो कोणाला भाग पाडू शकत नाही. ते काम संस्कारांचे आणि संस्थेच्या रचनेचे आहे.

परंपरेच्या नावाने

येथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो करणारे पुष्कळदा परंपरेचे अभिमानी असतात. 'आपली परंपराच गुरुशिष्याची आहे. गुरूची आज्ञा निमूट पाळावी, सोसावे, त्यातूनच शिष्य घडतो. आम्हीही सोसले, म्हणून आज उभे आहोत.' हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त असला तरी तो परंपरेचे अज्ञान प्रकट करणारा आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय शिष्याच्या उपनयनाचा आहे. अग्नीच्या साक्षीने शिष्याला दीक्षा देताना त्याने काम, क्रोध, लोभ, अहंकार सोडावेत, गुरूच्या अनुमतीने वागावे, असे सांगितले आहे. परंपरेचे दाखले देणारे येथेच थांबतात. संहिता मात्र येथे थांबत नाही. त्याच विधीत, त्याच अग्नीसमोर गुरूही स्वतःला बांधून घेतो. शिष्य नीट वागत असताना आपण त्याच्याविषयी विपरीत दृष्टी ठेवली, तर आपण पापाचे धनी होऊ आणि आपली विद्या निष्फळ होईल, असे गुरूने उच्चारायचे आहे. जगाच्या वैद्यकीय परंपरेत शिष्याने घेतलेल्या शपथा पुष्कळ आढळतील. पण गुरूने शिष्यासमोर घेतलेल्या या शपथेचे मोल निराळेच आहे. परंपरेने सत्ता दिली ती अशी अटींसह. अटी गाळून केवळ सत्ता उचलणे याला परंपरापालन म्हणत नाहीत, परंपरेची चोरी म्हणतात.

तीच संहिता पुढे नवव्या अध्यायात शिष्याच्या हाताला सराव कसा द्यावा हे सांगते. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर, भेदनाचा सराव पाणी आणि चिखल भरलेल्या चामडी पिशव्यांवर, शिरावेधाचा मृत जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, टाके घालण्याचा जाड वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर, पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. शास्त्र कितीही पाठ असले तरी हाताला सराव नसेल तर तो मनुष्य कर्मास अयोग्य, असा त्या अध्यायाचा रोख आहे. आज कोट्यवधी रुपये खर्चून महाविद्यालयांत ज्या कौशल्य प्रयोगशाळा उभारल्या जातात, त्यांचे बीज येथे आहे. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय कित्येक दशकांपासून नांदत आहे. सुश्रुताचे हे दोन अध्याय शिकवणारे अध्यापक गावातच आहेत. नव्या महाविद्यालयाच्या निवासी डॉक्टरांसमोर त्यांनी हे अध्याय उलगडून दाखवायला कोणत्या शासननिर्णयाची वाट पाहायची आहे?

'आम्ही सोसले' या वाक्याचाही एकदा निकाल लावला पाहिजे. सोसल्याने माणूस घडतो की कोडगा होतो, हे ज्याच्या त्याच्या पिंडावर अवलंबून असते. सासूने छळले म्हणून सुनेला छळणारी सासू आणि वरिष्ठाने अपमान केला म्हणून कनिष्ठाचा अपमान करणारा डॉक्टर यांत फरक तो काय? घरातील ती रीत मोडावी म्हणून ज्या समाजात शंभर-दीडशे वर्षे सुधारकांनी झुंज दिली, त्याच समाजातील सुशिक्षितांत सुशिक्षित वर्गाने ती रीत वॉर्डात जपावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

शिष्याचीही जबाबदारी

नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. निवासी डॉक्टरांची तक्रार अशी असते की, विद्यार्थी आणि इंटर्न वॉर्डात सापडतच नाहीत. हजेरीपुरते येतात आणि ग्रंथालयात किंवा मोबाइलवरील शिकवणीत गडप होतात. ही तक्रार निराधार नाही. पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट' परीक्षा वस्तुनिष्ठ प्रश्नांची आहे. तिच्यात रुग्णाच्या नाडीवर ठेवलेल्या बोटांना गुण नाहीत. त्यामुळे आंतरवासितेचे वर्ष, जे हात घडवण्याचे वर्ष असायचे, ते परीक्षेच्या तयारीचे वर्ष बनले आहे. विद्यार्थी वॉर्ड टाळतो म्हणून निवासी त्याला शिकवीत नाही, आणि निवासी शिकवीत नाही म्हणून विद्यार्थी वॉर्ड टाळतो, असे हे दुष्टचक्र आहे. ते कोणी तरी प्रथम तोडले पाहिजे, आणि वयाने, अनुभवाने व अधिकाराने जो मोठा आहे त्याच्यावरच ती जबाबदारी प्रथम येते. मात्र जो विद्यार्थी दार उघडल्यावरही आत येत नाही, त्याला आंतरवासिता पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देणे हाही समाजाशी द्रोह आहे. कनवाळूपणाच्या नावाखाली तो खपवून घेता कामा नये.

अणदूरचा धडा

हे सारे आदर्शवादी आहे, व्यवहारात असे होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी धाराशिव जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. त्यांनी तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे जावे. सध्याच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील काही विद्यार्थी १९८० च्या दशकात स्वतःच्या शिक्षणाचा विचार करू लागले. आपण जे शिकतो आहोत त्याचा खेड्यातील माणसाशी संबंध काय, असे प्रश्न घेऊन ते एकत्र बसू लागले, एकमेकांना शिकवू लागले. त्या गटाच्या नावातच आरोग्याबरोबर स्वयंअध्ययन होते. त्या मंथनातून डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम उभे केले. या संस्थेचे वैशिष्ट्य रुग्णालय हे नव्हेच. तिने खेड्यापाड्यांतील स्त्रियांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना नाव दिले 'भारतवैद्य'. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या, घरच्या आणि शेतीच्या कामात पिचलेल्या या स्त्रिया गावात प्राथमिक उपचार करू लागल्या, गर्भवतींची आणि बालकांची काळजी घेऊ लागल्या.

या उदाहरणाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. जेथे शिकवणारा पदवीधर डॉक्टर आणि शिकणारी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री, तेथे दोघांमधील अंतर किती प्रचंड! तरीही तेथे विद्या पोचली, कारण शिकवणाऱ्याने शिकणारीला माणूस मानले. आणि जेथे शिकवणारा एमबीबीएस, शिकणारा उद्याचा एमबीबीएस, वयात अंतर चार वर्षांचे, राहणे एकाच आवारात, जेवणे एकाच खानावळीत, तेथे विद्या पोचू नये? मग अडचण शिकणाऱ्याच्या बुद्धीत नाही, शिकवणाऱ्याच्या दृष्टीत आहे, असेच म्हणावे लागेल. अणदूरच्या भारतवैद्याला जो सन्मान मिळतो तो धाराशिवच्या इंटर्नला मिळावा, एवढीच मागणी आहे. ती अवाजवी आहे काय?

काय केले पाहिजे

मागणी मोघम राहिली की तिचे निवेदन होते, आणि निवेदन फायलीत जाते. म्हणून चार गोष्टी नेमकेपणाने मांडायला हव्यात.

पहिली, रुजू होणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टराला रुजू होतानाच अध्यापनाचे प्रशिक्षण दिले पाहिजे. महाविद्यालयातील अध्यापकांना वैद्यकीय अध्यापनतंत्राचे प्रशिक्षण बंधनकारक आहे. मग खाटेशी प्रत्यक्ष शिकवणाऱ्यालाच त्यातून वगळण्याचे कारण काय? दोन-तीन दिवसांत कौशल्य कसे करून दाखवावे, चूक चारचौघांत न लाजवता कशी सुधारावी, हे शिकवता येते.

दुसरी, निवासी डॉक्टराच्या कामाच्या तक्त्यात शिकवण्याचा तास लिहिलेला असला पाहिजे, आणि त्या तासात दुसरे काम सांगितले जाता कामा नये. विद्यार्थ्याच्या नोंदवहीत कोणते कौशल्य कोणी शिकवले याची नोंद असावी आणि त्याखाली शिकवणारा व शिकणारा अशा दोघांच्या सह्या असाव्यात. सहामाहीच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी नाव न देता आपल्या निवासी डॉक्टराच्या अध्यापनाविषयी मत नोंदवावे आणि त्याच्या मूल्यमापनात त्याला स्थान मिळावे.

तिसरी, चतुर्थश्रेणी कर्मचारी आणि लिपिकांची पदे भरली पाहिजेत. रक्ताची नळी वाहून नेण्यासाठी शासनाला डॉक्टर स्वस्त पडतो, म्हणून त्याला हमाल करणे ही काटकसर नव्हे. एका डॉक्टराच्या शिक्षणावर जनतेचा जो पैसा खर्च होतो, त्याची ती उधळपट्टी आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, वॉर्डातील वर्तनाची जबाबदारी विभागप्रमुखावर निश्चित झाली पाहिजे. 'ते निवासी डॉक्टर पाहून घेतात' हे उत्तर यापुढे स्वीकारले जाऊ नये. कारखान्याने मुकादमाकडे बोट दाखवून सुटायचे दिवस संपले पाहिजेत, मग तो कारखाना साखरेचा असो वा डॉक्टर घडवण्याचा.

यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. तिसरी सोडली तर फारसा निधीही लागत नाही. लागते ती अधिष्ठात्यांची इच्छा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आग्रह आणि जिल्ह्यातील जाणत्या नागरिकांचा, डॉक्टरांचा, पत्रकारांचा जागता डोळा. आणि हा प्रश्न एकट्या धाराशिवचा नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोलीपर्यंत ती पोचली आणि एमबीबीएसच्या नऊशे जागा वाढल्या. ही सारी महाविद्यालये आज कोऱ्या पाटीसारखी आहेत. त्या पाटीवर पहिली अक्षरे कोण आणि कोणती गिरवतो, यावर पुढील पन्नास वर्षांच्या वॉर्डांचे वळण ठरेल.

साडेचार वर्षांच्या हिशेबाने २०२२ ची पहिली तुकडी २०२७ मध्ये आंतरवासितेच्या उंबरठ्यावर येते. तिच्यातील काही जण पुढे निवासी डॉक्टर होतील, आणि त्यांच्या हाताखाली पुढच्या तुकड्यांची मुले येतील. त्या मुलांना ते जे देतील, ते आज त्यांना स्वतःला मिळते आहे तेच असेल, अपमान मिळाला तर अपमान आणि विद्या मिळाली तर विद्या. परंपरा अशीच निर्माण होते, ग्रंथांत नव्हे, एका हातातून दुसऱ्या हातात. जुन्या महाविद्यालयांना वाईट वळण मोडावे लागेल. धाराशिवला ते पडूच न देण्याची संधी आहे.

लोहाऱ्याच्या एखाद्या वस्तीवरून रात्री अडलेली बाई रुग्णालयाच्या दाराशी येईल, तेव्हा तिला महाविद्यालयाची प्रवेशक्षमता ठाऊक नसेल, अभ्यासक्रमाचे नावही ठाऊक नसेल. तिला दिसेल तो समोरचा पोरसवदा डॉक्टर आणि त्याचे हात. ते हात थरथरतात की स्थिर राहतात, एवढ्यावर तिचे आणि तिच्या बाळाचे जगणे अवलंबून असेल. ते हात स्थिर करण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याला गुरू करायचे की मुकादम, याचा निर्णय ती बाई दाराशी येण्याच्या आधी झालेला असला पाहिजे.